आउग्सबुर्गची श्वानपरीक्षा

आपल्याकडील शहरांत बंगल्याच्या फाटकावर ‘कुत्र्यापासून सावध रहा’ अशी पाटी दिसली, की तिच्यामागे पुष्कळदा उभ्या कानांचा, काळसर-तांबूस पाठीचा एक धिप्पाड कुत्रा असतो. त्याला आपण अल्सेशियन म्हणत आलो आहोत. हे नाव इंग्रजांनी दिलेले. पहिल्या महायुद्धानंतर ‘जर्मन’ हा शब्दच इंग्लंडात नकोसा झाला होता. तेव्हा फ्रान्स आणि जर्मनी यांच्या सीमेवरील अल्सेस प्रांताचे नाव या जातीला चिकटविण्यात आले. ब्रिटनच्या केनेल क्लबने 1977 साली मूळ नाव पुन्हा मान्य केले, पण आपल्या बोलण्यात अल्सेशियन तसाच राहिला. त्याचे खरे नाव जर्मन शेफर्ड, म्हणजे जर्मन मेंढपाळी कुत्रा.

या कुत्र्याच्या मायदेशी त्याची परीक्षा कशी घेतात, हे पाहण्याचा योग मला 2023 सालच्या ऑक्टोबरात आला. दक्षिण जर्मनीतील आउग्सबुर्ग या गावी माझा भाचा अभियंता आहे. त्याच्याकडे पंधरा दिवसांच्या मुक्कामास गेलो होतो. एके दिवशी जेवताना तो म्हणाला, “मामा, शनिवारी सकाळी लवकर उठायची तयारी असेल तर तुम्हांला एक निराळी परीक्षा दाखवतो. खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांचा कुत्रा परीक्षेला बसणार आहे.”

शेजारी टपाल वाटण्याचे काम करीत. पोस्टमन आणि कुत्रा यांचे वैर सर्व देशांत सारखेच. पण या गृहस्थांनी पाच वर्षांपूर्वी एक पिलू आणून त्या वैराचा शेवट केला होता. कुत्र्याचे नाव आर्को. गेली दोन वर्षे ते पहाटे उठून, टपालाची फेरी सुरू होण्यापूर्वी, त्याच्याबरोबर शेतांतून हिंडत असत, असे भाच्याने सांगितले.

परीक्षा संरक्षणाची आहे, हे ऐकून मी मनाशी एक चित्र रंगविले. कुत्रा जितका उग्र आणि जितक्या जोराने चावणारा तितके त्याला गुण अधिक, असा माझा समज होता. हा समज त्या एका दिवसात पार पुसला गेला.

गाव आणि त्याचा इतिहास

आउग्सबुर्ग हे जर्मनीतील अतिप्राचीन गावांपैकी एक. रोमन सम्राट ऑगस्टसच्या नावावरून त्याचे नाव पडले. लेश आणि वेर्टाख या दोन नद्यांच्या संगमाशी ते वसले आहे, आणि गावातून पाण्याचे लहान लहान पाट खळखळत जातात. येथील जुन्या जलव्यवस्थेला 2019 साली युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. फुगर नावाच्या सावकार घराण्याने 1521 साली गरीब कुटुंबांसाठी बांधलेली वसाहत येथे अजून नांदती आहे. तेथील घराचे वर्षाचे मूळ भाडे एक युरोपेक्षाही कमी आहे. रूडोल्फ डीझेलने आपले इंजीन याच गावच्या कारखान्यात 1897 साली यशस्वीपणे चालवून दाखविले. या सर्व गोष्टी प्रवासी आवर्जून पाहतात. जर्मन शेफर्ड जातीची जोपासना करणाऱ्या संघाची मुख्य कचेरी याच गावात आहे, ही गोष्ट मात्र फारशा प्रवाशांच्या ध्यानी येत नाही.

या संघाची स्थापना 22 एप्रिल 1899 रोजी झाली. त्याच महिन्यात कार्ल्सरूह येथील श्वानप्रदर्शनात माक्स फोन श्टेफानित्स या घोडदळातील अधिकाऱ्याने एक कुत्रा पाहिला आणि विकत घेतला. ‘होरांड फोन ग्राफ्राथ’ या नावाने नोंदला गेलेला तो कुत्रा या जातीच्या वंशावळीतील पहिला नोंदलेला पुरुष होय. श्टेफानित्स यांना कुत्र्याच्या रूपापेक्षा त्याच्या उपयोगाची चाड अधिक. परंतु काळ बदलत होता. कारखाने आणि आगगाड्या वाढत होत्या, कुरणे आणि मेंढ्यांचे कळप कमी होत होते. मेंढपाळी कुत्र्याला मेंढ्याच उरल्या नाहीत तर त्याची बुद्धी आणि धैर्य दोन-चार पिढ्यांत नाहीसे होईल, आणि मागे उरेल ते केवळ देखणे जनावर, ही त्यांची चिंता होती. म्हणून पोलीस आणि सैन्य यांच्या कामी हा कुत्रा यावा यासाठी त्यांनी खटपट केली, आणि या कामांस लागणाऱ्या गुणांची परीक्षा विसाव्या शतकाच्या आरंभी रूढ झाली. तिला ‘शुट्झहुंड’, म्हणजे रक्षक कुत्रा, असे नाव होते. पुढे ती अनेक देशांत पसरली. निरनिराळ्या देशांच्या श्वानसंघटनांचा जो महासंघ बेल्जियममध्ये आहे, त्याने 2019 साली तिचे नियम नव्याने बांधले. मी पाहिलेली परीक्षा याच नियमांनुसार झाली.

परीक्षेला बसण्यापूर्वी

शनिवारी सकाळी सात वाजता आम्ही गावाच्या दक्षिणेकडील सपाट मैदानात पोहोचलो. धुके इतके दाट की समोरचे झाड दिसेना. मंडळाच्या बैठ्या लाकडी इमारतीत दिवे लागले होते आणि कॉफीचा वास येत होता. तेथे मंडळाचे एक वृद्ध सभासद भेटले. ते निवृत्त शाळामास्तर होते आणि त्यांना इंग्रजी चांगले येत होते. परदेशी पाहुणा आपल्या परीक्षेविषयी विचारतो आहे याचा त्यांना आनंद झाला, आणि दिवसभर त्यांनी मला शिष्यासारखे शेजारी बसविले.

त्यांच्याकडून कळले की या परीक्षेच्या तीन पायऱ्या आहेत. पहिलीला कुत्र्याचे वय निदान 18 महिने, दुसरीला 19 आणि तिसरीला 20 महिने असावे लागते. खालची पायरी उत्तीर्ण झाल्यावाचून वरची चढता येत नाही. आणि या तिन्हींच्या आधी एक प्रवेशपरीक्षा आहे. तिच्यात कुत्रा 15 महिन्यांचा पाहिजे. त्याने मालकाच्या बाजूने नीट चालावे, बसावे, निजावे, बोलावताच यावे. आणि मग त्याला रस्त्यावर नेऊन सायकली, मोटारी, धावणारी माणसे, दुसरी कुत्री यांच्यामधून नेतात. तेथे जो बिथरतो, जो अंगावर जातो, त्याला पुढचा दरवाजा बंद.

“आणि तुम्हांला गंमत वाटेल,” मास्तर म्हणाले, “त्या वेळी कुत्र्याआधी मालकाची लेखी परीक्षा होते. मालक नापास झाला तर कुत्र्याला मैदानात उतरताच येत नाही.”

जर्मनीत या जातीच्या कुत्र्यापासून संघाच्या नियमानुसार प्रजा घ्यावयाची तर नुसते रूप पुरत नाही. कामाच्या परीक्षेबरोबर दमाचीही एक कसोटी असते. मालक सायकलीवर आणि कुत्रा शेजारी, असे 20 किलोमीटर अंतर ताशी 12 ते 15 किलोमीटर वेगाने तोडावे लागते. आठ किलोमीटरनंतर पाव तास, पंधरानंतर वीस मिनिटे विसावा. या कसोटीला गुण नसतात. पार पडली किंवा पडली नाही एवढेच.

त्या दिवशीच्या परीक्षकांनी प्रथम प्रत्येक कुत्र्याच्या कातडीखालील चिपचा क्रमांक यंत्राने वाचून त्याची ओळख पटविली, आणि त्याचा स्वभाव पाहिला. कुत्रा सैल पट्ट्यावर उभा, भोवती अनोळखी माणसे. त्याने भिऊन मागे सरावयाचे नाही आणि गुरगुरावयाचेही नाही. ही तपासणी दिवसभर चालूच असते. संध्याकाळपर्यंत केव्हाही कुत्रा माणसांविषयी खुनशी किंवा भेदरट दिसला, तर परीक्षक त्याला बाद करू शकतात आणि मिळविलेले सारे गुण रद्द होतात.

मातीचा माग

परीक्षेचे तीन विभाग असतात: माग काढणे, आज्ञापालन आणि संरक्षण. प्रत्येकाला 100 गुण, एकूण 300. प्रत्येक विभागात निदान 70 गुण मिळालेच पाहिजेत. हा शेवटचा नियम मी त्या वेळी वहीत नुसता टिपून घेतला. त्याचा अर्थ दुपारी कळला.

माग काढण्याचे काम सकाळीच उरकतात. नुकत्याच उगवलेल्या गव्हाच्या एका विस्तीर्ण शेतात आम्ही कडेला उभे राहिलो. तिसऱ्या पायरीचा माग अनोळखी माणसाने चालून तयार केलेला असतो. तो निदान 600 पावलांचा, पाच सरळ टप्प्यांचा आणि चार वळणांचा असावा लागतो. त्यावर तीन वस्तू टाकलेल्या असतात आणि माणूस चालून गेल्यावर पुरा एक तास जाऊ द्यावा लागतो. वस्तू म्हणजे चामड्याचा, कापडाचा किंवा लाकडाचा बोटभर लांबीचा तुकडा. हिरव्या पिकात तो आपल्याला पाच पावलांवरूनही दिसणार नाही.

कच्छ-सौराष्ट्रातील पागी लोक वाळूतील पाऊल पाहून माणूस ओळखतात असे आपण वाचतो. पागी डोळ्यांनी पाहतो, कुत्रा नाकाने. माणसाच्या पायाखाली तृण चिरडते, माती उकरली जाते, आणि त्यातून जो वास उठतो त्यात त्या माणसाचा वास मिसळतो. आर्कोचे नाक जमिनीला टेकले ते शेवटपर्यंत उचललेच नाही. दहा मीटर लांबीच्या दोरीच्या टोकाशी त्याचे मालक मुकाट्याने चालत होते. वळणाशी आर्को क्षणभर थांबला, वास पुन्हा तपासला आणि काटकोनात वळला. वस्तू सापडताच तो तिच्यापुढे निजला. मालकांनी ती उचलून परीक्षकांना दिसेल अशी डोक्यावर धरली. तीन वस्तू, प्रत्येकी सात गुण. एखादी हुकली तर तिचे सात गुण गेले. आर्कोने तिन्ही शोधल्या. माग संपल्यावर परीक्षकांनी तेथेच सर्वांसमक्ष आपले मत सांगितले आणि गुण जाहीर केले: 96. शहाण्णवपासून पुढे ‘उत्कृष्ट’ अशी श्रेणी देतात.

त्यानंतर साठीच्या घरातील एक बाई आपली काळी कुत्री घेऊन आल्या. कुत्री वयाने बरीच होती, तोंडाभोवतीचे केस पांढरे झाले होते. दुसऱ्या वळणाशी ती घोटाळली, दोन वेळा गिरकी घेऊन मागे आली. तीन वस्तूंपैकी तिला एकच सापडली. चौदा गुण तेथेच गेले. तरी तिने मागाचा शेवट गाठला. गुण पडले 71. बाईंनी कुत्रीच्या गळ्यात हात टाकला. मला वाटले, त्या नाराज झाल्या असतील. पण त्या हसत होत्या.

आज्ञापालन

दहाच्या सुमारास धुके विरले. मंडळाचे मैदान आपल्या शाळेच्या क्रीडांगणाएवढे, हिरवळीचे. येथे कुत्री जोडीने बोलावली जातात. एक काम करीत असताना दुसरीने मैदानाच्या बाजूला निजून राहावयाचे. मालक दूर गेलेला, समोर दुसरा कुत्रा उड्या मारतो आहे, अशा वेळी जागचे न हलणे हेही एक काम आहे आणि त्यालाही गुण आहेत. मुलांच्या परीक्षेत शांत बसण्याला गुण नसतात, असे मी म्हटले तेव्हा मास्तर मनापासून हसले.

पट्ट्याशिवाय मालकाच्या डाव्या गुडघ्याशी चालणे, मध्येच पिस्तुलाचे दोन आवाज झाले तरी न दचकणे, माणसांच्या घोळक्यातून जाणे, चालता चालता दिलेल्या आज्ञेवर बसणे, निजणे, धावता धावता उभे राहणे, असे हे काम असते. मग लाकडी डंबेल आणून देणे. तिसऱ्या पायरीला जमिनीवरून आणावयाचे डंबेल दोन किलो वजनाचे असते. एक मीटर उंचीच्या अडथळ्यावरून आणि 180 सेंटिमीटर उंचीच्या उतरत्या भिंतीवरून आणावयाचे 650 ग्रॅमचे. अडथळ्यावरून जाऊन डंबेल घेऊन पुन्हा अडथळ्यावरूनच परत यावे लागते. जाताना उडी मारली आणि येताना वळसा घातला तर गुण कापले जातात.

यांत्रिकपणे केलेल्या कामाला मात्र येथे मान नाही. कान पाडून, पोट जमिनीशी घेऊन, भीतभीत आज्ञा पाळणाऱ्या कुत्र्याचे गुण कमी होतात. कुत्र्याने काम आनंदाने करावे, अशी अपेक्षा असते. आर्कोने ते आनंदाने केले. इतके की एकदा डंबेल आणताना तो मालकांवर आदळलाच. त्याला 94 मिळाले. काळ्या कुत्रीला 80.

दुपारी मंडळाच्या इमारतीत बटाट्याचे सॅलड, सॉसेज आणि जांभळ्या आलुबुखाऱ्यांचा केक असे जेवण होते. शाकाहारी पाहुण्याने पहिल्या आणि तिसऱ्या पदार्थावर भर दिला. हा केक आउग्सबुर्गची खासियत. त्याच्या नावावरून शेजारचे गाववाले या गावाला चिडवतातही. टेबलावर सर्वांचे एकच बोलणे: आज आर्को पहिला येणार. दोन विभागांत त्याचे 190 गुण झाले होते. वसंत ऋतूतील प्रांतिक स्पर्धेत जाण्याचा मालकांचा मनोदय होता, असेही कळले. ते स्वतः मात्र फारसे बोलत नव्हते.

एक शब्द

दुपारी दोन वाजता संरक्षणाचा विभाग सुरू झाला. मैदानाच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन मिळून सहा आडोसे उभे केले होते. एका आडोशामागे जाड गाद्यांचा पोषाख आणि एका हातावर तागासारख्या राठ कापडाची बाही चढविलेला मदतनीस लपलेला. कुत्र्याने मालकाच्या इशाऱ्यानुसार आडोसे एकामागून एक धुंडाळत जावयाचे. माणूस सापडला, की त्याच्यापुढे उभे राहून भुंकावयाचे. भुंकणे सतत आणि दमदार हवे, पण तोंड लावता कामा नये. उभ्या माणसाला चावणारा कुत्रा येथे गुण गमावतो.

पुढे मदतनीस पळून जाण्याचा प्रयत्न करतो, कुत्र्यावर चाल करून येतो, मऊ आवरणाची काठी उगारतो. तेव्हा कुत्र्याने त्याची बाही धरावयाची. बाहीखेरीज दुसरीकडे दात लावावयाचा नाही. पकड कशी असावी याचेही नियम आहेत. पुढच्या दातांनी ओरबाडणे, पुन्हा पुन्हा चावणे वाईट. तोंड भरून, शांतपणे, एकाच जागी घट्ट धरणे चांगले. भित्रा कुत्रा ओरबाडतो, निर्भय कुत्रा धरून ठेवतो, असे मास्तरांनी समजाविले.

आणि मग मदतनीस स्तब्ध उभा राहतो. प्रतिकार संपला. आता मालकाने एकच शब्द उच्चारावयाचा: “आउस”, म्हणजे सोड. कुत्र्याने तत्काळ सोडावे आणि समोर पहारा करीत उभे राहावे. नाही सोडले तर परीक्षकांच्या खुणेवरून आणखी दोनदा आज्ञा देता येते. पहिल्या जादा आज्ञेला निदान तीन गुण जातात, दुसरीला निदान सहा. तिसऱ्या वेळीही सोडले नाही, तर कुत्रा बाद. त्या विभागातूनच नव्हे, साऱ्या परीक्षेतून. सकाळचे सर्व गुण पुसले जातात.

आर्को सहाव्या आडोशाशी पोहोचला आणि त्याचा आवाज मैदानभर घुमला. पण भुंकता भुंकता त्याने दोनदा बाहीला तोंड लावले. परीक्षकांनी वहीत काही लिहिले. मदतनीस पळाला, आर्कोने त्याला चार उड्यांत गाठले. पकड पाहून मास्तरांनी मान डोलावली. “आउस!” आर्कोने सोडले नाही. दुसऱ्यांदा सांगितल्यावर सोडले. पुढच्या हल्ल्यात त्याला दोन जादा आज्ञा लागल्या.

शेवटचे काम सर्वांत कठीण. मदतनीस मैदानाच्या पार टोकाकडून ओरडत, काठी फिरवीत धावत येतो, आणि मालक त्याच्यावर कुत्रा सोडतो. दोघे एकमेकांकडे पुऱ्या वेगाने येतात. पुष्कळ कुत्री या वेळी क्षणभर तरी कचरतात. आर्को कचरला नाही. त्याची झेप इतकी जोरकस होती की मदतनीस अर्धा फिरला. प्रेक्षकांनी श्वास रोखून धरले. मदतनीस थांबला.

“आउस!”

आर्को बाही धरून होता. परीक्षकांनी खूण केली. “आउस!” काही नाही. पुन्हा खूण. मालकांनी एकदा श्वास घेतला. त्यांचा आवाज चढला नव्हता. उलट थोडा खाली आला होता. “आउस.”

आर्कोने सोडले. टाळ्या वाजल्या नाहीत. सर्वांनी नुसता श्वास सोडला. तो बाद होण्यापासून वाचला होता.

बेरीज

परीक्षक ध्वनिक्षेपकासमोर उभे राहून बोलले. मास्तर मला भाषांतर करून सांगत होते. या कुत्र्यात धैर्य आहे, दम आहे, पकड नमुनेदार आहे, असे ते प्रथम म्हणाले. नंतर त्यांनी प्रत्येक कापलेल्या गुणाचा हिशेब दिला. आडोशातील चूक, तीन वेळा उशिरा सोडणे, सोडल्यावर पहाऱ्यात बाहीवर पुन्हा उडी घेण्याचा प्रयत्न. “मालक ज्याला आज्ञा समजतात,” ते म्हणाले, “ती या कुत्र्याला अजून विनंती वाटते. संरक्षण: अडुसष्ट गुण.”

मी वहीत बेरीज केली. 96, 94 आणि 68 मिळून 258. शेवटी काळी कुत्री आली. तिची झेप मंद, पकड बेताची. पण प्रत्येक “आउस”ला तिने पहिल्याच शब्दाला बाही सोडली. तिला 70 मिळाले. 71, 80 आणि 70 मिळून 221. दोनशे दहा ते दोनशे एकोणचाळीस गुणांना ‘समाधानकारक’ श्रेणी देतात. ती उत्तीर्ण झाली. तिच्यापेक्षा 37 गुण अधिक मिळविणारा आर्को नापास झाला.

मला हे अन्यायाचे वाटले आणि तसे मी बोलूनही दाखविले. मास्तर म्हणाले, “बेरजेवर निकाल लावला असता तर लोकांनी कुत्र्याची जी बाजू मुळात बळकट तीच वाढवीत नेली असती. मग नाक उत्तम पण भित्रा, किंवा धाडसी पण कोणाचे न ऐकणारा, असे कुत्रे निपजले असते. बुद्धीने नियंत्रणाची उणीव भरून निघत नाही, म्हणून ही तीन खाती वेगळी ठेवली आहेत.” दोन कुत्र्यांची बेरीज समान आली, तर मात्र संरक्षणाचे गुण ज्याचे अधिक तो वर, असाही नियम आहे, असे त्यांनी पुढे सांगितले. धैर्याला मान आहे. पण ती मोजणी उत्तीर्ण झाल्यानंतरची.

प्रत्येक कुत्र्याची एक गुणपुस्तिका असते. तिच्यात यशाप्रमाणेच अपयशाचीही नोंद होते आणि परीक्षकांची सही पडते. आर्कोची पुस्तिका घेऊन शेजारी आमच्याकडे आले. काय बोलावे हे मला सुचेना. त्यांनीच भाच्याला सांगितले, “चूक त्याची नाही. घरी चेंडू टाकायला मी त्याला तीनतीनदा सांगतो आणि तिसऱ्यांदा टाकला तरी कौतुकाने हसतो. त्याने जे पाहिले तेच तो शिकला.” आर्को त्यांच्या पायाशी निजला होता. त्याला निकालाची वार्ता नव्हती. त्यांनी खिशातून खाऊचा तुकडा काढून त्याला दिला.

मैदानाबाहेरचा प्रश्न

कुत्र्याला खेळासाठी चावावयास शिकवावे काय, हा वाद जर्मनीतही आहे, आणि तो रास्त आहे. शिकविण्याच्या जुन्या पद्धती पुष्कळदा कठोर असत. विजेचा धक्का देणारे पट्टे वापरण्यास तेथील सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने 2006 साली मनाई केली, आणि 2022 सालापासून काटेरी पट्ट्यासारखी वेदना देणारी साधने शिक्षणात वापरण्यावर कायद्याने बंदी आली. आता खाऊ, चेंडू आणि धीर यांवरच भिस्त आहे.

दुसऱ्या दिवशी भाच्याबरोबर म्युनिकनजीक डाखाउ येथे गेलो. 1933 साली नाझींनी उभारलेली तेथील छळछावणी आता स्मारक म्हणून जतन केली आहे. अशा छावण्यांतून कैद्यांवर पहारा करण्यासाठी कुत्री वापरीत. त्याच जर्मनीत, त्याच जातीच्या कुत्र्यांना 1916 साली ओल्डेनबुर्ग येथे युद्धात आंधळ्या झालेल्या सैनिकांचे वाटाडे म्हणून प्रथम शिकविण्यात आले होते. रिकाम्या मैदानातून चालताना आदल्या दिवशीचा तो एक शब्द माझ्या कानांत होता. कुत्रा तोच, दोरीच्या दुसऱ्या टोकाला ‘सोड’ म्हणणारा माणूस आहे की नाही, एवढाच फरक.

आपल्या देशातही मेरठ येथे सैन्याची आणि ग्वाल्हेरजवळ टेकनपूर येथे सीमा सुरक्षा दलाची श्वानशिक्षणाची केंद्रे आहेत, आणि पोलिसांच्या अखिल भारतीय मेळाव्यांत कुत्र्यांच्या स्पर्धा होतात. ते काम जबाबदार हातांत आहे. मला काळजी वाटते ती फाटकावरच्या पाटीची. दिवसभर साखळीला बांधलेला, येणाऱ्या-जाणाऱ्यावर भुंकणारा आणि कोणाचेही न ऐकणारा कुत्रा हा चांगला राखणदार, अशी आपली समजूत आहे. आउग्सबुर्गच्या मैदानावर तो सकाळच्या पहिल्याच तपासणीत बाद झाला असता, आणि पुस्तिकेवरची ती नोंद खरे म्हणजे त्याच्या मालकाची ठरली असती.

2024 च्या एप्रिलात भाच्याचा निरोप आला. आर्को पुन्हा परीक्षेला बसला होता. माग 90, आज्ञापालन 91, संरक्षण 82. एकूण 263, म्हणजे मागच्या खेपेपेक्षा जेमतेम पाच गुण अधिक. या वेळी तो उत्तीर्ण झाला. खाली भाच्याने लिहिले होते: “मामा, संध्याकाळी अंगणात आता ‘आउस’ एकदाच ऐकू येतो.”